जिन्यावरचा पाणघोडा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने जिना चढू नये असा काही कायदा नाही, पण डबल तो वीस वर्षं पाळत आला होता. शहरभरच्या लिफ्टच्या पोटात शिरून त्याने दोर, कप्प्या, दारं, बटणं तपासली होती, आणि पहिल्या मजल्यावर जायचं असलं तरी तो बटण दाबून साहेबासारखा उभा राहायचा. कोणी हटकलंच तर म्हणायचा, "हॉटेलवाला कधी घरून डबा आणतो का?" हॉटेलवाले घरूनच डबा आणतात, हे त्याला कोण सांगणार!

डबल हे नाव कंपनीने दिलेलं. छोट्या लिफ्टमध्ये पाटी असते, 'चार माणसे, दोनशे बहात्तर किलो'. म्हणजे माणशी अडुसष्ट. हे गृहस्थ एकशे अठरा. ते आत शिरले की बाकीचे मोजायचे, "डबल आला रे, आता दोघंच या." नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोच्या कानावर गेलं तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं, आणि तेव्हापासून घरातही तेच चालू झालं.

वर्षातून एकदा कंपनी सगळ्यांना डॉक्टरकडे धाडायची. त्या वर्षी डॉक्टर नवा होता, तोंडावरची माशी न हलणारा. त्याने डबलला काट्यावर उभं केलं, दंडाला पट्टा बांधला, तो पुरेना म्हणून मोठा मागवला, बोटातून रक्त काढलं आणि विचारलं, "वडील?"

"गेले."

"कशाने?"

"हार्ट."

"वय?"

"त्रेचाळीस."

"आणि तुमचं?"

"एक्केचाळीस."

डॉक्टरने कागद पुढे ओढला. नुसता लिहीत राहिला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तरी डबलला परवडलं असतं, पण ते लिहिणं त्याला काही सोसेना. "काय लिहिताय?" त्याने विचारलं.

"जिने चढा."

"डॉक्टर, मी लिफ्टवाला आहे."

"वाचलं मी. तरी चढा."

वडील गेले तेव्हा डबल सहा वर्षांचा होता. चेहरा फोटोतून पाठ झालेला, गोष्टी आईकडून ऐकलेल्या. स्वतःची म्हणावी अशी एकच आठवण त्याच्याकडे होती. संध्याकाळी दाराबाहेर वडील खिशातून किल्ल्या काढायचे, त्याचा आवाज. बास. अख्ख्या बापापैकी एवढंच शिल्लक. त्याची स्वतःची मुलगी आता पाच वर्षांची होती. आपण दोन वर्षांनी गचकलो तर हिच्याकडे काय उरेल, असा विचार दवाखान्याच्या पायरीवर त्याच्या मनात आला, आणि उत्तर मिळालं ते असं: सोफ्यावर घोरणारा एक डोंगर. डबल मनापासून घाबरला. आता घाबरला म्हणजे लगेच सुधारला असं समजू नका. घाबरून त्याने त्या संध्याकाळी क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला.

मुलगी म्हणजे चिमटी. सतरा किलोंची आणि त्यातले निम्मे प्रश्न. बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत दुपारपाळीला होती, ती नऊला घरी यायची. त्यामुळे संध्याकाळी चिमटीला पाळणाघरातून आणायचं काम डबलचं. आणायचं, सहाव्या मजल्यावर न्यायचं, टीव्ही लावून द्यायचा आणि आपण सोफ्यावर आडवं व्हायचं, अशी त्याची बापपणाची व्याख्या होती. चिमटी थोडा वेळ त्याचं पोट ढकलून बघायची, मग टीव्ही बघायची.

डॉक्टरनंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी डबल आणि चिमटी लिफ्टमध्ये शिरले. मागोमाग पाचव्या मजल्यावरच्या हेडबाई आल्या. या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरीच्या, वजन बावन्न, त्यातलं बरंचसं आवाजाचं. साठीच्या आतल्या कोणालाही त्या 'अरे-तुरे'च करायच्या. त्यांच्यामागून चौथ्या मजल्यावरचा पैलवान आला, जो जिममध्ये जायचा आणि जिममध्ये जातो हे प्रत्येकाला सांगायचा. वजन शहाऐंशी, तेही त्यानेच सांगितलेलं. एकशे अठरा, सतरा, बावन्न, शहाऐंशी. करा बेरीज. एका किलोने गाडी चुकली, आणि लिफ्ट किंचाळायला लागली.

सगळ्यांनी डबलकडे पाहिलं. कोणाकडे बघायचं याबद्दल वादच नव्हता.

"बाबा, तू उतर," चिमटी खणखणीत आवाजात म्हणाली. "तू जास्त आहेस."

डबल उतरला. लिफ्ट चूप झाली. चिमटीने त्याच्याकडे आणि छताकडे आळीपाळीने पाहिलं, आणि तिच्या डोक्यात जे काही बसायचं ते कायमचं बसलं. दुसऱ्या दिवशी दोघंच होते, तर ही बया लिफ्टच्या दारात आडवी झाली. "तू नको! तू बसलास की ती तुटेल! तू खाली पडशील!" डबलने समजावलं, की अगं, मी लिफ्टवाला आहे, बाबाला सगळं ठाऊक असतं. "मग ती ओरडली का?" तिने विचारलं. त्याने जबरदस्तीने एक पाय आत ठेवला, तशी ती इतकी रडली की वॉचमन धावत आला. तू लिफ्टने जा, मी जिन्याने येतो, असं म्हणून पाहिलं. तर म्हणाली, "तू एकटा पडशील ना."

झालं. वीस वर्षांचं व्रत मोडलं. बाप आणि लेक जिना चढायला लागले.

एका मजल्याला सोळा पायऱ्या, सहा मजल्यांच्या शहाण्णव. पहिल्या मजल्यावर डबलचा चेहरा लाल झाला, दुसऱ्यावर जांभळा, आणि तिसऱ्यावर त्याला आपल्या वडिलांच्या किल्ल्या ऐकू यायला लागल्या. पण मुलीसमोर बसकण मारायची लाज वाटली. मग काहीतरी कारण पाहिजे म्हणून तो कठडा धरून म्हणाला, "थांब… तुला… गोष्ट… सांगतो."

"कुठली?"

"एक होता… हा… पाणघोडा. हू. त्याला… हा… नदीत… आवडेना."

"का?"

"गोंगाट… हू… फार. म्हणून तो… हा… म्हणाला… मी आता… गच्चीवर… राहणार."

चिमटीने डोळे मोठे केले. पाणघोडा गच्चीवर! मग काय, प्रत्येक मजल्यावर थांबा आणि प्रत्येक थांब्यावर पाणघोडा. कधी त्याला वाटेत एक चिडकी मांजर भेटायची, ती म्हणायची आधी पाय पूस. कधी कावळा त्याच्याकडे पत्ता मागायचा. कधी पाणघोडा दोन पायऱ्यांमध्ये अडकायचा आणि त्याला तेल लावून सोडवावं लागायचं. डबलचा श्वास जेवढा मोठा तेवढंच वाक्य, आणि दम परत येईपर्यंत गोष्ट. घरी पोचायला चौदा मिनिटं लागली. दाराशी पोचल्यावर चिमटीने विचारलं, "पोचला का गच्चीवर?" डबल भिंतीला टेकून म्हणाला, "उद्या." त्याच्यात उद्याचा शब्द उच्चारण्याएवढीच ताकद उरली होती.

महिन्याभराने चिमटीच्या शाळेतल्या बाईंनी त्याला बाजूला घेतलं. चेहरा गंभीर. "तुमच्या मुलीला दम्याचा त्रास आहे का?"

"नाही बुवा. का?"

"वर्गात गोष्ट सांगायला उभी राहिली की धापा टाकते. एक होता, हा, पाणघोडा, हू. आम्ही घाबरून पाणी दिलं. पाणी प्यायली आणि परत धापा टाकायला लागली."

डबलला हसू आवरेना. चिमटीला वाटत होतं गोष्ट सांगायची पद्धतच ती. एका वाक्याला एक हा, एक हू. त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं. बापाचं काहीतरी उचललं पोरीने. नाक तर माझंच आहे."

आणि खोटं कशाला बोलायचं, त्या जिन्याने डबलची चव बदलून टाकली. आधी पाय दुखायचे, नंतर भूक लागायची, मग उगाचच बरं वाटायला लागलं. डब्यात काकडी आली. क्रीमची बिस्किटं चिमटीच्या ताब्यात गेली, आणि ती एक मोजून द्यायची, तेही वास घेऊन. तीन महिन्यांत एकशे दहा. पाच महिन्यांत एकशे तीन. मशीन रूमच्या ज्या झडपेतून शिरायला तो बारीक सोबत्याला पाठवायचा, तिथून एके दिवशी तो स्वतःच आत गेला. पण वजनाचं त्याला एवढं काही नव्हतं. त्याला संध्याकाळचे सहा वाजायची घाई असायची. चिमटीच्या हातात त्याचं एक बोट, खांद्यावर तिचं दप्तर, आणि दुसऱ्या मजल्यावर ती दर वेळी विचारायची, "आज गच्चीवर पोचेल का?" आयुष्यात कोणी आपली एवढी वाट बघेल असं त्याला वाटलं नव्हतं. ती त्याच्याशी बोलायची, कोणी तिला ढकललं, कोणाचा दात पडला, देव झोपतो का, सगळं. सोफ्यावर पडून हे त्याला पाच वर्षांत एकदाही ऐकू आलं नव्हतं.

आता पंचाईत अशी की दम लागेनासा झाला. चौथ्या मजल्यापर्यंत तो एका दमात गोष्ट सांगायचा आणि चिमटी वैतागायची. "नीट सांग ना!" मग डबल खोट्या धापा टाकायचा. पाणघोडा, हा, म्हणाला, हू. नट म्हणून तो भिकार होता, पण प्रेक्षक खूश होता.

सातव्या महिन्यात व्हायचं ते झालं. दोघं जिन्याकडे वळले तेवढ्यात लिफ्टचं दार उघडं होतं आणि आत हेडबाई आणि पैलवान उभे. "अरे ये की आत!" बाई ओरडल्या. "किती दिवस जिन्याने तडफडणार?" चिमटी थबकली. मग काय तिच्या मनात आलं कोण जाणे, तिने बापाला न्याहाळलं, पोटावर एक बोट रुतवून पाहिलं, आणि म्हणाली, "बाबा, हळूच एक पाय ठेव."

डबलने एक पाय ठेवला. मग दुसरा. नव्व्याण्णव किलो आत आले आणि लिफ्ट मुकाट उभी राहिली.

"बाबा बरा झाला!" चिमटी उड्या मारायला लागली. हेडबाईंनी टाळ्या वाजवल्या. पैलवानाने पाठीवर थाप मारली आणि आपलं वजन परत एकदा सांगितलं. सहावा मजला चाळीस सेकंदांत आला. डबल हसला खरा, पण दाराचं कुलूप काढताना त्याच्या लक्षात आलं, की पाणघोडा आज पहिल्या मजल्यावरसुद्धा पोचला नाही.

दुसऱ्या दिवशी चिमटी थेट लिफ्टपाशी. तिसऱ्या दिवशीही. तिला बटण दाबायला आवडायला लागलं होतं. चाळीस सेकंदांत काय बोलणार? आणि वर गेली की ती आपली टीव्हीसमोर. डबल म्हणाला, "चल की जिन्याने." ती म्हणाली, "आता कशाला? तू बरा झालास ना." यावर काय बोलायचं, सांगा! बायको म्हणाली, "तू एकटा चढ. पाय तुझे आहेत." त्याने एकट्याने चढून बघितलं. दुसऱ्या मजल्यावर बसला आणि भिंतीवरचे पोपडे मोजून परत खाली आला. पंधरा दिवसांत क्रीमची बिस्किटं परतली, आणि सोफाही. काटा एकशे एकवर गेला. तब्येत सुधारल्याचं बक्षीस म्हणून पोरगी हातची गेली, या विचाराने तो कुढत बसला.

आणि मग एका रविवारी दुपारी, सगळी इमारत झोपलेली असताना, डबल हत्यारं घेऊन गच्चीवरच्या मशीन रूममध्ये शिरला. इमारतीची लिफ्ट त्याच्याच कंपनीकडे होती आणि कंपनीने ती त्याच्याच गळ्यात मारली होती. लिफ्टने किती वजनाला किंचाळायचं हे ठरवणारी एक पेटी असते. त्याने ती उघडली आणि दोनशे बहात्तरचं एकशे दहा केलं. असला गाढवपणा लिफ्टवालाच करू जाणे, दुसऱ्या कोणाला तो जमलाही नसता. मनाशी म्हणाला, कमी वजन म्हणजे उलट सुरक्षितच. लोक दोनऐवजी एकेक जातील, काय बिघडलं?

सोमवारी चिमटी आत शिरली. मागून तो शिरला. लिफ्ट किंचाळली.

त्याला वाटलं होतं ती हात धरून जिन्याकडे ओढेल. तिने आधी त्याच्या शर्टात तोंड खुपसलं आणि रडली. "तू परत जास्त झालास! मी बिस्किटं बघत नव्हते म्हणून झालास!" तो खाली बसला, तिचे डोळे पुसले, काहीबाही बोलला. तेव्हाच खरं सांगून टाकायचं, तर नाही. तिने बोट धरलं, नाक ओढलं आणि पहिल्या मजल्यावर विचारलं, "पाणघोडा कुठे होता?" आणि हा निर्लज्ज मनुष्य खूश झाला.

पण इमारतीत बाकीचीही माणसं राहत होती, हे तो विसरला. दुसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं लिफ्टमध्ये शिरलं, लिफ्ट किंचाळली, नवरा म्हणाला, "तू वाढलीस." पुढचे चार दिवस दोघं वेगवेगळ्या फेरीने वर जात होती आणि घरात भांडी आपटत होती. पैलवान हातात तांदळाच्या दोन जड पिशव्या घेऊन चढला आणि लिफ्ट त्याच्यावर ओरडली, तेव्हापासून तो आपलं वजन सांगेनासा झाला. लिफ्टला दोष द्यायचं कोणाला सुचेना. लिफ्टवाला स्वतः इमारतीत राहतो, स्वतःच बघतो, म्हटल्यावर लिफ्ट बरोबरच असणार! वजनाबद्दल ज्याच्या-त्याच्या मनात चोर असतोच. जो-तो आपापल्या पोटाकडे बघत गुपचूप जिन्याने जाऊ लागला.

एकदा हेडबाई आणि पैलवान एकदम लिफ्टपाशी आले. पैलवान आधी शिरला, लिफ्ट गप्प. बाई शिरल्या, लिफ्ट किंचाळली. पैलवान हळूच म्हणाला, "बाई, मी होतो तोवर गप्प होती." त्याला स्वतःची अब्रू वाचवायची होती. बाईंनी मात्र जन्मभर मुलांना पुरावा मागितला होता, आणि आता पुरावा त्यांच्याच विरुद्ध गेला. "यंत्र कशाला खोटं बोलेल?" त्या म्हणाल्या आणि ताडताड जिन्याकडे चालू लागल्या.

तर आता जिन्यावर तिघं. सत्तरीच्या बाई पुढे, मागे बापलेक. पहिले दोन दिवस बाई पाणघोड्याकडे दुर्लक्ष करत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पाणघोडा गच्चीवर राहील कसा? पाण्याचं काय?" डबल म्हणाला, "टाकी आहे की." "मग टाकीचं झाकण?" चौथ्या दिवशी त्या मजल्यावर थांबून वाट बघायला लागल्या, मांजर काय म्हणाली ते ऐकायला. डबलला वाटलं, बघा, बाईंनाही करमतंय, आपण कोणाचं वाईट केलं? माणूस स्वतःला पटवायला बसला की त्याचा हात धरणारं कोणी नसतं. बाईंचे गाल आत गेलेत, हे त्याला दिसत होतं. पण बघायचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर पाणघोडा खिडकीत अडकलेला असताना बाईंनी कठडा धरला, आणि धरता धरता खाली बसल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

"बाई! काय होतंय?"

"काही नाही रे. गरगरलं जरा."

"जेवलात का?"

"सकाळी अर्धं सफरचंद खाल्लं." मग लाजून म्हणाल्या, "वजन उतरवायचं म्हणते. लिफ्ट ओरडते ना."

चिमटीने त्यांचा हात धरला. "आजी, तू पण जास्त आहेस का?"

डबलला त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. पण जमीन कुठली, तिसऱ्या मजल्याची फरशी होती. त्याने लिफ्टचं बटण दाबायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. बाईंना धरून आत शिरावं, तर बावन्न आणि एकशे एक. लिफ्ट जागची हलणार नाही, नुसती बोंबलेल. एकट्या बाईंना आत ढकलण्यासारखी त्यांची अवस्था नव्हती. स्वतःच्याच लिफ्टने त्याला दारात उभं केलं होतं.

तो वळून बाईंच्या पुढ्यात वाकला. "पाठीवर या."

"काहीतरीच काय!"

"या म्हणतो ना!"

आणि डबल बावन्न किलोच्या हेडबाईंना पाठीवर घेऊन दोन मजले, बत्तीस पायऱ्या चढला. सात महिन्यांपूर्वी त्याला स्वतःला चढवायला क्रेन लागली असती. बाई कानाशी पुटपुटत होत्या, "मी जड आहे रे." तो म्हणाला, "बाई, तुम्ही बोलू नका हो. तुम्ही कापसासारख्या आहात." त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते धापांमुळे आहे असं त्याने चिमटीला सांगितलं.

बाईंच्या घरात त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, साखरपाणी दिलं, पाव भाजला, दोन अंडी उकडली आणि समोर उभं राहून खायला लावली. रंग परत आल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. पेटी, एकशे दहा, रविवारची दुपार. हात मागे बांधून, वर्गात उभं केल्यासारखा.

बाईंनी अंड्याचा शेवटचा घास गिळला. "म्हणजे मी बावन्नच आहे?"

"आता पन्नास असाल."

"गाढवा!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की त्या ठणठणीत बऱ्या झाल्याची खात्री पटली. "आणि हे कशासाठी? तुझ्या त्या भिकार पाणघोड्यासाठी?"

"हिच्यासाठी. ही जिन्याने येईना."

बाईंनी चिमटीकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. "आधी ती लिफ्ट नीट कर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि हिला सांग. मला सांगितलंस तसं, सरळ."

चिमटी कोपऱ्यातल्या स्टुलावर सगळं ऐकत होती. डबल तिच्यासमोर उकिडवा बसला. आता त्याला तसं बसता यायचं. "मी लिफ्टला मुद्दाम ओरडायला लावलं होतं."

"म्हणजे तू जास्त नव्हतास?"

"नव्हतो."

"पण मी रडले होते."

"हो. चुकलं माझं."

"का केलंस?"

"तू माझ्याबरोबर चढावंस म्हणून. मला आवडतं."

चिमटीने आपल्या बुटाचा बंद ओढून सोडला. "मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली. "मी विचारलं होतं ना, आता कशाला म्हणून. तू काहीच बोलला नाहीस."

त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली नाही. त्याने मशीन रूममध्ये जाऊन एकशे दहाचं दोनशे बहात्तर केलं. मग दारोदार फिरून, घंटी वाजवून माफी मागितली. नव्या जोडप्यातली बायको नवऱ्याकडे बघून "आता बोल!" म्हणाली. पैलवानाने दार लावून घेतलं आणि आतून त्याचा आनंदाने ओरडल्याचा आवाज आला. बायको नऊला घरी आली, सगळं ऐकलं, आणि तिला परत पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सहाला डबल पाळणाघरातून चिमटीला घेऊन आला, तेव्हा हेडबाई लिफ्टपाशी उभ्या होत्या. चिमटीने त्याचं बोट सोडलं. "मी आज आजीबरोबर लिफ्टने जाणार. तू जिन्याने ये. एकटा."

"बरं," डबल म्हणाला. दुसरं काय म्हणणार? दार बंद झालं. तो पायऱ्या चढायला लागला. पाय ठणठणीत होते, पण आत सगळं सुनं सुनं वाटत होतं. शिक्षा बरोबर होती, हे त्याला मान्य होतं.

सोळा पायऱ्या संपल्या, तोच पहिल्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दार उघडलं. आत चिमटी, कमरेवर हात.

"मग?"

"काय मग?"

"पाणघोडा खिडकीत अडकला होता! पुढे?"

डबलने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. बटणांच्या पट्टीवर एक ते सहा, सगळेच्या सगळे दिवे लागले होते. "मग मांजर आली आणि…" तो बोलेपर्यंत दार मिटलं.

डबल पळाला. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, खांद्यावर दप्तर, एकावेळी दोन पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा दार उघडत होतं. "मांजर म्हणाली… ओढा याला!" दार बंद. तिसरा. "सगळ्यांनी… ओढला… हा… पण शेपूट…" दार बंद. चौथा. "शेपूट… हू… राहिली… आत!" चिमटी किंचाळून हसत होती. धापा आता नाटकाच्या नव्हत्या. पाचव्या मजल्यावर दार उघडलं, तो कठड्याला लोंबकळत होता.

"बाई… तुमचा… मजला."

"माझा मजला कुठे पळून जात नाही," हेडबाई म्हणाल्या. "शेपटीचं काय झालं ते लवकर सांग, दार लागतंय!"

सहाव्या मजल्यावर तो पोचला तेव्हा शर्ट ओला, छाती भात्यासारखी. दार उघडलं. "मग तो… हा… गच्चीच्या… दाराशी… हू… आला. आणि बघतो… तर…"

"तर काय?" दोघी एकदम म्हणाल्या.

"दाराला… कुलूप."

चिमटी पुढे झाली आणि तळमजल्याचं बटण दाबलं. "किल्ली खाली राहिली असेल," ती म्हणाली. "चल, पळ!"

दार मिटलं. डबल एकटाच धापा टाकत उभा राहिला. बंद दारामागून लिफ्ट खाली जाताना चिमटीचा आवाज येत होता. बाईंना शेपटीचं नीट समजलं नव्हतं, म्हणून ती त्यांना पहिल्यापासून सांगत होती. एक होता, हा, पाणघोडा, हू.

हे राहील हिच्याकडे, डबलच्या मनात आलं. त्याने खिशातल्या किल्ल्या चाचपल्या, दप्तर सावरलं आणि शहाण्णव पायऱ्या खाली पळत सुटला.